नदीतले मासे बघायला मास्क-स्नॉर्कल घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी बरीच वर्षं मत्स्यालय आहे, आता मासे त्यांच्या वाहत्या पाण्यातच बघायचे आहेत. पोहता येतं. वय पन्नाशीला टेकलेलं, चष्म्याचा नंबर मायनस दोन, आणि मिशी आहे. पूर्ण चेहरा झाकणारा मास्क मनात भरलाय. तो घ्यावा, की ड्राय स्नॉर्कलचा, म्हणजे टोकाला झडप असलेल्या श्वास घ्यायच्या नळीचा सेट घ्यावा, आणि काचेवर वाफ धरते तिचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर देतो, मग कारणं. पूर्ण चेहऱ्याचा मास्क घेऊ नका. फक्त डोळे आणि नाक झाकणारा, टेम्पर्ड काचेचा, काळ्या सिलिकॉनचा, काच डोळ्यांच्या जवळ असलेला मास्क घ्या. त्याच्या जोडीला एका टोकाला वळलेली साधी नळी, म्हणजे बिनझडपेचं स्नॉर्कल. सगळी चिकित्सा मास्कच्या वेळी करा. स्नॉर्कल निवडायला पाच मिनिटं पुरतात.

बाजारातलं बहुतेक सामान समुद्र डोळ्यांसमोर ठेवून केलेलं असतं. तिथे माणूस पृष्ठभागावर पालथा तरंगतो, तोंड सरळ खाली, आणि प्रवाळ चार-पाच मीटर खोल. ओढ्यात किंवा नदीच्या उथळ भागात सगळंच वेगळं. पाणी मांडीपर्यंत, कधी गुडघ्याच्याही खाली. मासा बोटाएवढा, आणि तो तुमच्या खाली नसतो, समोर असतो. वाहत्या पाण्यातले मासे बहुधा प्रवाहाकडे तोंड करून राहतात. म्हणून आपण खालच्या अंगाने, तळाचे दगड धरत, पोटावर सरकत वर जायचं. असं केलं की आपण त्यांच्या मागून येतो, आणि आपण उठवलेला गाळ आपल्याच मागे वाहून जातो. उत्तर अमेरिकेत सॅमन आणि ट्राउट यांची पाण्याखाली मोजणी करणारे मत्स्यशास्त्रज्ञ लहान ओढ्यांत असेच खालून वर जातात. या स्थितीत मान मागे वळलेली असते आणि नजर भुवयांच्या दिशेने. मास्क असो की स्नॉर्कल, निवडताना ही स्थिती डोक्यात ठेवली की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात.

पोहण्याचा गॉगल का चालत नाही, हे एकदा सांगून टाकतो. त्यात नाक बाहेर राहतं. पाण्यात दर दहा मीटरला साधारण एक वातावरण इतका दाब वाढतो. दोन मीटरच्या डोहात डोकावलं तरी गॉगलमधली हवा आक्रसते आणि डोळे ओढल्यासारखे होतात. मास्कमध्ये नाक आत असल्यामुळे नाकाने थोडी हवा सोडून हा दाब सारखा करता येतो. शिवाय कान मोकळे करायला नाक बाहेरून चिमटीत धरावं लागतं. म्हणून मास्कचा नाकाचा कप्पा मऊ हवा आणि चिमटीत सहज यायला हवा. हातमोजे घालणार असाल तर हातमोजे घालूनच चिमटी धरून बघा.

आता बसण्याबद्दल. मास्क तुमच्या चेहऱ्याला बसला नाही तर बाकी सगळे गुण वाया. तपासणी अशी करा. पट्टा काचेच्या पुढे टाका, छताकडे बघा आणि मास्क नुसता चेहऱ्यावर ठेवा. दाबू नका, श्वास ओढू नका. काचेभोवतीची सिलिकॉनची झालर, जिला सगळे स्कर्ट म्हणतात, ती सगळीकडे टेकली आहे का, ते दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा. कपाळ, कानशिलं, गालाची हाडं, नाकाखालची जागा. कुठे फट दिसली तर तो मास्क बाजूला ठेवा. बहुतेक जण थेट नाकाने श्वास ओढून बघतात आणि मास्क चिकटला की खूश होतात. पण ओढीने मऊ सिलिकॉन आत खेचलं जातं आणि फट झाकली जाते. पाण्यात ओढ सैल पडली की तीच फट उघडते. म्हणून श्वास ओढायची चाचणी दुसरी, पहिली नव्हे, आणि तीही हलक्या श्वासाची.

मग स्नॉर्कलचं माउथपीस तोंडात धरून हेच सगळं पुन्हा करा. तोंडात काही धरलं की गाल आणि वरचा ओठ यांची ठेवण बदलते, आणि नाकाखालची गळती हमखास तिथूनच सुरू होते. शेवटी ज्या स्थितीत मासे बघणार ती स्थिती घ्या: टेबलावर पुढे झुका, मान वर करा आणि समोरच्या भिंतीकडे बघा. आता आरशात कपाळ बघा. वर बघण्याच्या नादात आपण भुवया उचलतो, कपाळाला आठ्या पडतात आणि त्या आठ्यांच्या खाचांतून वरून पाणी झिरपतं. तलावात उत्तम बसणारा मास्क ओढ्यात गळतो त्यामागे बरेचदा हेच असतं. स्कर्टची वरची कड रुंद आणि पातळ असेल तर ती आठ्यांबरोबर वळते. जाड आणि ताठ असेल तर वळत नाही.

मिशीबद्दल. ती काढायलाच हवी असं नाही. नाकपुड्यांच्या लगेच खाली, जिथे स्कर्ट टेकतो तिथली जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरची पट्टी बारीक केली तरी पुष्कळ फरक पडतो. उरलेल्या केसांना सिलिकॉन ग्रीस अगदी हलकं चोळा. पेट्रोलियम जेली वापरू नका. ती रबरी भागांना बाधते, आणि बोटांवरून काचेवर गेली की तासभर सगळं तेलकट दिसतं. एवढं करूनही चमचाभर पाणी येईलच. नजर जरा वर करून, फ्रेमची वरची कड कपाळाला दाबून, नाकाने जोरात हवा सोडली की ते खालून निघून जातं. मिशीवाल्यांनी ही सवय करून घ्यायची, एवढंच.

गळतं म्हणून पट्टा आवळायचा हा सर्वांचा पहिला उपाय, आणि तो उलटा पडतो. आवळल्याने स्कर्टला चुण्या पडतात आणि गळती वाढते. पट्टा डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर, कानांच्या बराच वर बसवा आणि मास्क घसरणार नाही इतपतच ओढा. केस लांब असतील तर पट्ट्यावर कापडी किंवा निओप्रीनचं, म्हणजे फोमसारख्या मऊ रबराचं आवरण घाला. स्कर्टखाली एक केस अडकला तरी थेंब थेंब पाणी येत राहतं.

काचेकडे वळू. ती टेम्पर्ड असावी. तसं काचेवरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. प्लास्टिकच्या काचा हलक्या असतात, पण नदीत तुमचा चेहरा वाळूपासून वीतभर अंतरावर असतो आणि दोन-चार वेळा दगडाला घासतोच. प्लास्टिकवर ओरखडे पडायला तेवढं पुरतं.

यानंतरचा मुद्दा जाहिराती नेमका झाकतात. सपाट काचेतून पाण्यात बघताना प्रकाश वाकतो, त्यामुळे वस्तू एक चतुर्थांश जवळ आणि सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. याचा दुसरा परिणाम असा की एका सपाट काचेतून, मग ती कितीही मोठी असो, पाण्यातलं जास्तीत जास्त ९७ अंशांचंच दृश्य मिळू शकतं. तेवढंही मिळवायचं तर काच डोळ्यांच्या जवळ हवी. फ्रेम खोल असेल तर दृश्य आणखी आकुंचित होतं. म्हणून मोठ्या काचेच्या खोल मास्कपेक्षा छोट्या काचांचा, पापण्यांना जेमतेम जागा ठेवणारा मास्क जास्त दाखवतो. आतली हवा कमी असल्यामुळे तो साफही लवकर होतो. बाजूला जास्तीच्या खिडक्या असलेले मास्क प्रशस्त वाटतात, पण त्यांच्या सांध्यावर चित्र तुटतं: मासा समोरच्या काचेतून निसटतो आणि बाजूच्या काचेत भलत्याच ठिकाणी उगवतो. बोटाएवढ्या चपळ माशाच्या मागावर असताना हे फार वैताग आणतं.

एक गोष्ट मास्क घालूनच कळते. डोकं न हलवता डोळे वर करा. फ्रेमची वरची कड किती लवकर आडवी येते? समुद्रासाठीचे कित्येक मास्क खालचं जास्त दिसावं म्हणून काच तिरकी बसवून केलेले असतात. उथळ पाण्यात पालथं पडून समोर बघताना आपल्याला नेमकं वरचं दृश्य लागतं. तिथे फ्रेम आडवी आली की मान आणखी मागे टाकावी लागते, आणि अर्ध्या तासात मान धरते.

स्कर्टचा रंग कोणता असावा यावर खूप वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे: काळा. पारदर्शक स्कर्टमधून उजेड आत येतो म्हणून मोकळं वाटतं, हे खरं. पण उथळ पाण्यात ऊन पाठीवर आणि बाजूंनी असतं. ते स्कर्टमधून आत शिरतं, आणि काचेच्या आतल्या बाजूला तुम्हाला स्वतःचेच गाल आणि डोळे दिसायला लागतात. समोर काळसर दगडाच्या कपारीत मातकट रंगाचा मासा बसलेला असेल, तर त्या प्रतिबिंबात तो बुडून जातो. काळ्या स्कर्टमध्ये हा त्रास जवळजवळ नसतो. शिवाय पारदर्शक सिलिकॉन कालांतराने पिवळं पडतं. बंदिस्त जागेची भीती वाटणाऱ्यांनी मात्र पारदर्शकच घ्यावा, घाबरून मासे दिसत नाहीत. रंगीत काचांच्या फंदात पडू नका. लाल छटेच्या काचा खोल निळ्या समुद्रासाठी असतात. पाचोळ्याने चहाच्या रंगाचं झालेलं किंवा हिरवट पाणी आधीच निळा प्रकाश खाऊन बसलेलं असतं, तिथे या काचा उरलेला उजेडही कमी करतात. आरशासारखा चमकणारा लेपही नको, त्याची तिरीप माशांना दुरूनच सावध करते.

चष्म्याच्या नंबराबाबत तुमचं नशीब चांगलं आहे. मायनस दोन नंबराच्या डोळ्याला चष्म्याशिवाय साधारण अर्ध्या मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. पाण्यात वस्तू जवळ आल्यासारखी दिसते, म्हणून ती मर्यादा खऱ्या अंतरात सुमारे ६५ सेंटिमीटरवर जाते. गोड्या पाण्यातले मासे बघण्याचं अंतर बहुतेक वेळा तेवढंच असतं. आता वयाचा भाग. पन्नाशीत चाळिशी लागलेली असते. पूर्ण नंबराची काच बसवलीत तर दहा फुटांवरचा मासा लख्ख दिसेल, आणि हाताच्या अंतरावरचा, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो धूसर होईल. म्हणून पूर्ण नंबर घेऊ नका. दोन काचांचा मास्क घ्या, कारण नंबराच्या तयार काचा बहुधा त्यातच बसवता येतात. आधी साध्या काचेने जाऊन बघा. दूरचं अगदीच अंधुक वाटलं तर मायनस एकच्या काचा बसवा. मग स्पष्टतेची मर्यादा साधारण सव्वा मीटरपर्यंत जाते आणि जवळचंही हातचं जात नाही. दूरचा नंबर नसलेल्या पण चाळिशी असलेल्या लोकांची अडचण उलटी असते. त्यांनी काचेच्या खालच्या भागात नव्हे, तर मधोमध किंवा एकाच डोळ्यापुढे जवळच्या नंबराची चिकटभिंग लावून बघावी. इथे नजर खाली नसते, हे पुन्हा लक्षात घ्या.

कॉन्टॅक्ट लेन्स घालून नदीत किंवा तळ्यात जाऊ नका. समुद्रात जाणारे पुष्कळ जण घालतात, पण गोड्या पाण्यात अकांथामिबा नावाचा अमिबा सर्रास असतो. लेन्सच्या आड अडकला तर त्यापासून बुबुळाचा जो संसर्ग होतो तो बरा करायला महिने लागतात आणि दृष्टीही जाऊ शकते. मास्कमध्ये थोडंफार पाणी येणारच, आणि तुमच्या मास्कमध्ये तर मिशीच्या कृपेने नक्की येणार.

वाफेचं दुखणं दोन कारणांनी असतं आणि लोक त्यांची गल्लत करतात. नव्या मास्कच्या काचेवर साच्यातून आलेला सिलिकॉनचा अदृश्य थर असतो. तो गेल्याशिवाय कोणताही उपाय टिकत नाही. जेल नसलेली, पांढरी टूथपेस्ट काचेच्या आतल्या बाजूला बोटाने दोन-तीन मिनिटं चोळा, धुवा, आणि असं चार-पाच वेळा करा. पाण्याचे थेंब न बनता काचेवर पाणी एकसंध पसरायला लागलं की समजा थर गेला. काचेच्या आतून एखादा लेप दिलेला असेल तर मात्र चोळू नका, आधी मास्कबरोबरचा कागद वाचा. लायटरने थर जाळायची युक्तीही सांगितली जाते. मला ती आवडत नाही. टूथपेस्टने काम होत असताना सिलिकॉनशेजारी ज्योत नेण्यात शहाणपण नाही.

दुसरं कारण रोजचं. चेहऱ्याची उबदार, दमट हवा आणि पलीकडे थंड पाणी लागलेली काच. ओढ्याचं पाणी गार, त्यामुळे नदीत वाफ समुद्रापेक्षा जास्त धरते. त्यावर थुंकी अजूनही उत्तम. कोरड्या काचेवर लावा, पसरवा, ओझरती खळखळा, आणि मास्क चढवण्याआधी चेहऱ्यावर गार पाण्याचे हबके मारा. उन्हातून तापून येऊन लगेच मास्क चढवला की वाफ धरलीच. पाण्यात शिरल्यावर नाकाने श्वास सोडू नका. वाफेची निम्मी तक्रार या सवयीतून येते. पातळ केलेला बेबी शाम्पूही चालतो, पण तो काठावर, डोहापासून दूर विसळा. लहानशा कुंडात फेस गेलेला माशांना सोसत नाही.

पूर्ण चेहऱ्याच्या मास्कला नकार का, ते आता सांगतो. २०१४ साली तो मोठ्या प्रमाणावर बाजारात आला तेव्हापासून नवशिक्यांना तो फार सोयीचा वाटतो, कारण त्यात नाकाने श्वास घेता येतो. पण त्यात आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा छोट्या झडपा आणि आतल्या रबरी कडा यांच्या जिवावर वेगळी ठेवलेली असते. कडा नीट टेकल्या नाहीत, आणि मिशी-दाढीवर त्या टेकत नाहीत, की सोडलेली हवाच पुन्हा आत येऊ लागते. त्यात कार्बन डायऑक्साइड वाढतो, डोकं जड होतं, दम लागतो. नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणून दोन मीटरची बुडीही कानांना सोसत नाही. आतल्या हवेमुळे तो तरंगतो आणि तुमचा चेहरा वर ढकलत राहतो. हनुवटीपुढे त्याचा एवढा उंचवटा असतो की वीतभर पाण्यात गाल दगडाला लावून कपारीत बघणं जमतच नाही. काच प्लास्टिकची, आणि डोळ्यांपासून दूर. आणि प्रवाहात अडखळून तोंडात पाणी गेलं तर साधं स्नॉर्कल थुंकून टाकता येतं, हा मास्क मात्र हाताने सोडवावा लागतो. शांत, उबदार, खोल पाण्यावर तरंगत फिरायला कुणी तो वापरत असेल तर माझी हरकत नाही. तुमच्या कामाचा तो नाही.

आता नळी. साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर लांब आणि आतून २ सेंटिमीटरच्या आसपास रुंद, एवढंच माप लागतं. त्याहून लांब नळी घेतली तर जास्त खोलीवरून श्वास घेता येईल, हा समज चुकीचा आहे. श्वासागणिक नळीतली सोडलेली हवा प्रथम परत आत येते. ४० सेंटिमीटर लांब आणि २ सेंटिमीटर रुंद नळीत सुमारे १२५ मिलिलिटर हवा मावते, आणि शांतपणे घेतलेला एक श्वास असतो सुमारे ५०० मिलिलिटरचा. म्हणजे पाव भाग शिळा. नळी वाढवत नेली की हा वाटा वाढतो, आणि खोलीवर छातीवरचा पाण्याचा दाब श्वास ओढूच देत नाही. यावरून एक सवय लावून घ्या: स्नॉर्कलमधून उथळ, भराभर श्वास नकोत, सावकाश आणि भरून घ्या. डोहात बुडी मारण्याआधी मात्र मुद्दाम भराभर खोल श्वास घेऊ नका. त्याने श्वास घ्यायची निकड उशिरा जाणवते आणि पाण्याखालीच शुद्ध हरपू शकते.

ड्राय स्नॉर्कलच्या टोकाला तरंगती झडप असते. लाट आली की ती बंद होते. समुद्रात तिचा उपयोग आहे. ओढ्यात लाटा नसतात आणि असते ती ओढ. वरचं ते जड टोक प्रवाहात थरथरतं, मास्कचा पट्टा ओढतं, आणि नळी मागे झुकली की झडप अवेळी बंद होऊन श्वास मध्येच अडतो. तासभर निश्चल पडायचं तर तेवढं वजन दातांत धरून जबडाही दुखतो. टोकावर नुसती शिंतोडे अडवणारी टोपी असेल तर चालेल, पण तिचीही गरज नाही.

माउथपीसच्या खाली पाणी काढायची झडप, म्हणजे पर्ज व्हॉल्व्ह, असलेली स्नॉर्कल खूप खपतात. नदीत मला ती दोन कारणांनी नको वाटतात. वाळूचा एक कण पातळ पडद्याखाली अडकला की झडप मिटत नाही आणि प्रत्येक श्वासाबरोबर घोटभर पाणी येतं. तळाशी घासत चालणाऱ्याच्या बाबतीत तो कण अडकणारच. दुसरं कारण माशांचं आहे. कार्प, लोच, कॅटफिश यांच्या कुळांत हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी बारीक हाडांची साखळी असते, त्यामुळे त्यांना फार चांगलं ऐकू येतं. गोड्या पाण्यातले बहुसंख्य मासे याच मोठ्या गटातले. पर्ज व्हॉल्व्हमधून तुमच्या गालाजवळ फुटणारे बुडबुडे त्यांच्यासाठी ढोल बडवल्यासारखे असतात. साध्या नळीत सोडलेला श्वास गुपचूप वर हवेत जातो. नळीत पाणी शिरलंच तर एक जोरकस फुंकर पुरते. ती फुंकर उथळ पाण्यात उभं राहून आधी घोटवून घ्या.

साधी नळी घेतानाही माउथपीस काळजीने निवडा. ते मऊ सिलिकॉनचं, फार मोठं नसलेलं आणि बदलता येणारं असावं. हिरड्यांना टोचत नाही ना, आणि दात न आवळता ते ओठांत राहतं ना, एवढं बघा. गार पाण्यात ओठ बधिर होतात तेव्हा मोठं माउथपीस कडेने गळायला लागतं.

आणि जोडणी. सरळ खाली बघताना नळी जिथे उभी राहते, तिथेच ती पक्की केली तर समोर बघायला मान वर केल्याबरोबर ती पाठीकडे झुकते आणि तिचं टोक पाण्यात जातं. उथळ पाण्यात स्नॉर्कल भरतं याचं सर्वांत मोठं कारण हे, झडप नसणं नव्हे. पट्ट्यावरची कडी सैल करून नळी कानाच्या पुढे, कानशिलाकडे सरकवा, इतकी की तुम्ही समोर बघत असताना ती उभी असेल. कडी सरकती, साधी रबरी असावी. पक्क्या प्लास्टिकच्या क्लिपला हे जमत नाही. नेमकी जागा सापडेपर्यंत कमरेएवढ्या स्थिर पाण्यात, तळाला हात टेकून, मान वर-खाली करून बघा.

गोडं पाणी समुद्रापेक्षा हलकं असतं, घनतेत सुमारे अडीच टक्के फरक. सत्तर किलोच्या माणसाला नदीत पावणेदोन किलोचा आधार कमी मिळतो. समुद्रात आरामात तरंगणारी माणसं नदीत पाय बुडतात म्हणून गोंधळतात. निओप्रीनचा सूट घातला की तो आधार परत मिळतो, अंग गार पडत नाही आणि गुडघे-कोपरं सोलत नाहीत. काळा किंवा मातकट रंगाचा घ्या. सूट असला की निश्चल पडता येतं, आणि सगळी गंमत त्या निश्चलपणात आहे. पहिली पाच-दहा मिनिटं समोर नुसते दगड दिसतात. मग कुठूनतरी एक पिल्लू येतं, मग चार. तुमच्या कोपराने हललेल्या खड्यांखालून किडे सुटतात आणि लहान मासे ते टिपायला तुमच्या अगदी बगलेपर्यंत येतात. तोंडात घेतलेला खडा मासा कसा चघळतो, किडा गिळून खडा कसा फुंकून टाकतो, हे मग काचेपासून वीतभरावर दिसतं. काच जवळ हवी, आतलं प्रतिबिंब नको, बुडबुडे नकोत, हा माझा हट्ट या क्षणासाठी आहे.

कुठल्या पाण्यात उतरायचं, याचा मास्कशी संबंध कमी आणि तब्येतीशी जास्त आहे, तरी दोन गोष्टी सांगतो. उन्हाने तापलेलं, साचलेलं, कोमट पाणी टाळा. नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा नेग्लेरिया हा अमिबा अशा पाण्यात असू शकतो. त्याचा संसर्ग अत्यंत दुर्मीळ, पण झाला तर बहुतेक वेळा जीवच जातो. नीट बसलेला मास्क नाक कोरडं ठेवतो, गळका ठेवत नाही. मोठ्या पावसानंतरच्या गढूळ पाण्यातही उतरू नका. एक तर काही दिसत नाही, शिवाय लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्याच पाण्यातून जखमांवाटे शिरतात. काही ठिकाणी पाणी काचेसारखं असूनही धोका असतोच. आफ्रिकेतलं मलावी सरोवर तिथल्या रंगीबेरंगी सिक्लिड माशांसाठी प्रसिद्ध आहे, पण तिथे बिलहार्झिया या रोगाचे परजीवी थेट कातडीतून शिरतात. त्याला मास्क काय करणार? आणि एकट्याने पाण्यात जाऊ नका, बंधाऱ्याच्या जवळ तर कुणाला घेऊनही नको.

सामानाची निगा गोड्या पाण्यात सोपी वाटते, कारण मीठ नसतं. पण इथे धोका वेगळा आहे: एका नदीतले जीव दुसऱ्या नदीत नेण्याचा. न्यूझीलंडमध्ये २००४ साली डिडिमो हे शेवाळ सापडलं. ओल्या सामानावर चिकटून ते एका नदीतून दुसऱ्या नदीत जातं, त्यासाठी एक थेंब पाणीही पुरतं, म्हणून तिथे सामान तपासा, धुवा, वाळवा हा दंडकच झाला. मास्कच्या स्कर्टची घडी, बकलच्या खाचा, माउथपीसचा सांधा आणि सूटचं अस्तर, पाणी राहतं ते इथे. नळी मास्कपासून सोडवा, सगळं स्वच्छ पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण कोरडं करा, आणि तोवर दुसऱ्या नदीत नेऊ नका. ओलं बंद करून ठेवलं तर सिलिकॉनवर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. मास्क त्याच्या कडक डबीत ठेवा. पिशवीत इतर सामानाखाली दबून स्कर्ट एकदा वाकडा झाला की आधी केलेली सगळी निवड फुकट जाते. जादा पट्टा आणि एक बकल त्याच डबीत टाकून ठेवा.